वुकाशिनचे काळे दात

"दुपारी जेल कंपनीचे मालक आले ना, की त्यांना दात नाही, मोती दाखवतो!" वुकाशिन सकाळपासून सांगत सुटला होता.

सर्बियातल्या नोवी सादच्या दंतमहाविद्यालयात तो दात पांढरे करणारी औषधं तपासायचा. खाटकाकडून आणलेले गाईचे दात आधी चहा-कॉफी-लाल वाइनच्या चिकट लेपात काळे करायचे, मग औषधाचं जेल लावून किती उजळले ते यंत्रावर मोजायचं. गाईचे दात छान उजळले होते. पण पाहुण्यापुढे गाईचा जबडा काय धरायचा? त्यानं दातांच्या साच्यात जेल भरलं, स्वतःच्याच दातांवर चढवलं आणि निवांत डब्यातला चीज भरलेला बुरेक गरम करत बसला.

साचा काढून त्यानं आरशात पाहिलं. तोंडात नुसते कोळसे! डबी चुकली होती. जेलऐवजी कालच बनवलेला नवा, दुप्पट कडक लेप!

ब्रशनं घासलं, मीठ चोळलं, रुमालानं रगडलं. हिरड्या सोलवटल्या, दात काळे ते काळेच. हे जन्मभर असंच राहिलं तर? त्यानं ओठ घट्ट मिटले.

एवढ्यात विभागप्रमुख स्पोमेन्काबाई आल्या. "काय रे, तयारी झाली?"

"हं."

"हं काय? तोंडाला कुलूप लावलंयस का?"

वुकाशिनच्या डोळ्यांत पाणीच आलं. शेजारच्या टेबलावरची देसान्का बाईंच्या कानाशी लागली. "शोधनिबंधात त्याचं नाव तिसरं टाकलंत ना, त्याचा राग आहे. नोकरी सोडून चाललाय वाटतं!"

बाई चरकल्या. "अरे वेड्या, आधी बोलायचंस! पहिलं टाकते, बस?"

वुकाशिननं जोरजोरात नकारार्थी मान हलवली.

"तेही नको? बाप रे, म्हणजे ठरलंच की याचं!"

तेवढ्यात करार करायला आलेले, जेल बनवणाऱ्या कंपनीचे मालक ब्रानिमिर दारात उभे! बाईंचा उतरलेला चेहरा आणि वुकाशिनचे ओले डोळे बघून त्यांना दरदरून घाम फुटला.

"माझ्या जेलनं काही झालं का? कुणाचे दात पडले? अहो, बोला की! कुणी... मेलं का?"

"नाही!" वुकाशिन ओरडला.

तोंड उघडलं. देसान्कानं छातीवर क्रूसाची खूण केली. ब्रानिमिर मिळेल त्या खुर्चीत कोसळले.

मग वुकाशिननं रडत रडत सगळं सांगितलं. बाईंनी कपाळाला हात लावला, डबीवरचं नाव नीट वाचून घेतलं आणि या वेळी खरं जेल त्याच्या दातांवर चढवलं. तिघंही श्वास रोखून त्याच्या तोंडाकडे बघत बसली. देवळात एवढी शांतता नसते! साचा निघाला. बाईंनी यंत्र लावलं.

"काडीचाही फरक नाही," त्या हळूच म्हणाल्या.

वुकाशिननं डोळे मिटले. संपलं! आता करार गेला, नोकरी गेली, हसणंही गेलं.

ब्रानिमिरनी खुर्ची पुढे ओढत विचारलं, "हा लेप कुणी बनवला?"

"मी," वुकाशिन पुटपुटला.

"थोडा जास्त बनवाल का हो? गावाकडच्या कुंपणाला दरवर्षी रंग देऊन देऊन जीव गेलाय माझा!"