दादारावांची पहाडी बाग

मुकुटबनच्या दादारावांच्या बागेत शिरताना चपला बाहेर काढाव्या लागत, आणि आवाजही बाहेरच ठेवावा लागे. त्यात देवाधर्माचं काही नव्हतं. "मास्तर, हळू बोला," ते ओठांवर बोट ठेवून सांगत. "दूरची हाये. आताशी कुठं रुळून राह्यली."

ही दूरची म्हणजे एक झाड. बाग म्हणावं असं तिथं तेवढंच होतं. आणली होती तीन, पण दोघांनी पहिल्याच उन्हाळ्यात मान टाकली. तरी दादाराव 'बाग'च म्हणत. साठ सालानंतरची ही गोष्ट. मी तेव्हा वणीला शाळेत शिकवत होतो, आणि दरवर्षी चैत्र सरता सरता मला बाग पाहायला बोलावणं येई.

झाड बुरांसाचं. आमच्या शाळेतल्या इंग्रजी पुस्तकात त्याला ऱ्होडोडेंड्रॉन असं भारदस्त नाव होतं. हिमालयातल्या धुक्यात वाढणारं, लालभडक फुलांचं. आणि मुकुटबनात त्या दिवसांत कावळेसुद्धा चोच उघडी टाकून बसत! दादारावांनी झाडाभोवती वाळ्याच्या ताट्या बांधल्या होत्या. आम्ही पाहुणे लूमध्ये भाजत बसायचो आणि दादाराव ताट्यांवर पाणी मारायचे. माठातलं गार पाणी झाडाच्या मुळाशी, विहिरीचं कोमट पाणी आम्हाला. मधूनच ते पंखा घेऊन झाडाला वारा घालत. तेव्हा वहिनी स्वयंपाकघरातून म्हणत, "पाहा भाऊजी! माह्या बाळंतपणात एवढा पंखा हालवला असता तं म्या जनमभर नाव घेतलं असतं."

झाडाला फूल कधी आलं नाही. पानंही मोजकीच, तीही रुसल्यासारखी. पण 'वाळलं' हा शब्द तिथं उच्चारायचा नाही. एकदा कापसाचा एक व्यापारी बोलून गेला, "दादाराव, आपल्या काळ्या मातीत हे कायले जगते?" त्याचा चहा अर्धाच राहिला आणि सौदाही. अशा माणसाशी वाद घालू नये हे मला कळत होतं, पण मास्तराची जात! एका दुपारी मी शिकवायला गेलोच.

"दादाराव, ज्याला त्याला आपली माती लागते. हे इथलं नव्हेच."

मला वाटलं, आता माझाही चहा गेला. पण ते चिडले नाहीत. त्यांचा चेहरा एकदम उतरला.

"असं नोका म्हणू, मास्तर. कमल तं तिकडंच हाये न."

कमल त्यांची एकुलती एक लेक. जावई नकाशे काढायच्या सरकारी खात्यात, आणि बदली थेट नैनितालच्या पुढं पहाडात. पहिल्या माहेरपणाला आली तेव्हा तिनंच ही रोपं तुपाच्या डब्यात लावून, मांडीवर धरून आणली होती. "हे इथं रुळली," दादाराव झाडाकडे पाहत म्हणाले, "तं ते तिकडं रुळन." बस, एवढाच त्यांचा हिशेब. शिकवायला आलेला मी, झाडाला तांब्याभर पाणी घालून परतलो.

त्याच वैशाखात झाड गेलं. गेलं हे सगळ्यांना दिसत होतं, पण दादाराव पाणी घालतच होते. मी भेटायला गेलो तर चार वर्षांनी कमल आलेली. अंगानं भरली होती, आणि मागे लाल गालांची पोरगी पदर ओढत होती. कमलनं बागेत डोकावून पाहिलं.

"बाबा, हे तं कवाचंच गेलं!"

दादारावांनी डोळे मिटले. तेवढ्यात पोरीनं चिखलात हात घातला, आणि कमल तिच्यावर ओरडली. अस्खलित पहाडी बोलीत, झरझर, एकदाही न अडखळता. पोरीनंही त्याच बोलीत फाडकन उत्तर दिलं. दोघी खदखदून हसल्या.

दादाराव पाहतच राहिले. मग इतकी वर्षं लेकीला विचारायची हिंमत न झालेलं त्यांनी विचारलं, "कमल, तुले करमते तिकडं?"

"करमते न, बाबा! आता तं इथंच जीव घाबरते माहा. कधी घरी जाईन असं होऊन राह्यलं." आणि ती पोरीला उचलून हात धुवायला निघून गेली.

दादाराव विहिरीच्या काठावर टेकले. बराच वेळ मनगटानं डोळे पुसत राहिले.

"मास्तर, हेच तं पायजे होतं न मले?"

"हो, हेच."

"मंग असं काहून होऊन राह्यलं?"