सुवर्णाबाईंचा दम आणि निरपराध कांदा

श्रीगोदावरी साक्ष. नासिक शहरीं, सिडको प्रांतीं, श्वासाचें राज्य बुडतां बुडतां कैसें राखिलें, तो मजकूर यथास्थित लिहितों. वाचणारांनीं दम राखून वाचावा.

राजश्री नवनाथराव यांचें कुटुंब सुवर्णाबाई, शाळेंत कवायतीच्या सरदार, गळ्यांतील शिट्टी हेंच त्यांचें रणशिंग. ती वाजतां अवघें मैदान ताठ होई. मग दैव फिरलें आणि दर माहे बाईंस खोकला येऊन रुमालीं रक्त उमटूं लागलें, आणि शिट्टींतून नुसता वारा निघूं लागला, जैसा ओस गांवांतून जातो. मग शाळेचा हुकूम सुटला, कीं दम न परतल्यास मैदान सोडून कचेरींत बसावें.

मातुश्री शकुबाईसाहेब नामपूरकर यांचा कायदा ऐसा, कीं अडचणीचे चार रोज सुनेनें गॅलरींत बसावें. गॅलरींत कांद्याच्या गोण्यांचें ठाणें. खोकला गॅलरींत येतो आणि कांदाही तेथेंच, सबब कांदा गुन्हेगार, ऐसा इन्साफ जाहला. "आपल्या नामपूरचा असून बाधला मेला!" म्हणोन मातुश्री कष्टी जाहल्या. मग गोण्या हद्दपार करून जिन्याखालीं नजरकैदेंत ठेविल्या आणि गॅलरी फिनेलानें धुतली. पुढील माहीं बाई त्या मोकळ्या गॅलरींत बसल्या, आणि रक्त पुन्हा आलें.

मग छातीच्या डॉक्टर संजनाबाई यांचे दरबारीं तिघें रुजू जाहलीं. क्षयाचा शक घेऊन तपास केला, तोही बेकसूर निघाला. मग डॉक्टरांनीं पुसिलें, "खोकला केव्हा येतो?"

"गॅलरीत येतो," नवनाथराव वदले.

"मी 'केव्हा' विचारलं. आणि तुम्हाला नाही."

सुवर्णाबाईंनीं सासूकडे पाहिलें, मग पाहणें सोडिलें. "पाळीत येतो, मॅडम. तेव्हाच मला गॅलरीत बसवतात."

मग पाळीच्या दिवसांत स्कॅन काढिला, तों उजव्या फुफ्फुसीं डाग. पाळी सरतां पुन्हा काढिला, तों डाग फिका. मग गनीम उमगला: एंडोमेट्रिओसिस. गर्भाशयाच्या अस्तरासारखें ऊतक आपला मुलूख सोडून फुफ्फुसांत ठाणें देऊन बसलें आणि दर माहे रक्ताची चौथाई वसूल करीत होतें. मग बरगड्यांमधून दुर्बीण घालून तें ठाणें उठविलें, तुकडा तपासून गुन्हा शाबीत केला, आणि गनिमाची रसद तुटावी म्हणोन गोळ्या देऊन पाळी तहकूब ठेविली.

खोकला गेला. परंतु मातुश्रींस नवाच पेंच पडला. "पाळीच नाही म्हटल्यावर गॅलरीत बसवू कोणाला?"

"कांद्याला बसवा, आई. त्याला सवय आहे," सुवर्णाबाई वदल्या.

मग कांदा बाइज्जत गॅलरींत परतला. मातुश्री गोणी सोडीत असतां, उदईक मैदानीं जावयाचें म्हणोन सुवर्णाबाईंनीं घरांतच शिट्टी फुंकून पाहिली. ऐसा नाद उठला, कीं नवनाथरावांचा चहा सांडला आणि शकुबाईसाहेब, दोन्ही हातीं कांदे, जागींच सावधान उभ्या राहिल्या.

"विश्राम, आई," सुवर्णाबाईंनीं फर्माविलें.

श्वासाचें राज्य कायम जाहलें.