सरलाचा नारळ

विजयदुर्ग आपल्याइतका कोणाला ठाऊक नाही, असं जामसंड्याचे सदाभाऊ सांगत, आणि समोरच्याला पटेपर्यंत सांगत. दुकानात मीठ घ्यायला आलेल्या माणसालाही ते आरमाराची ही राजधानी तीन तटांसकट पुडीबरोबर बांधून देत. दरवर्षी मुंबईचे पाहुणे आले की एका दिवसाची सहल ठरलेली. पुढे सदाभाऊ बोलत, मागे पाहुणे ऐकत, आणि सगळ्यांच्या मागे घावन्यांचा डबा घेऊन त्यांची बायको सरला.

सरला गेल्या पावसाळ्यात वारली. तरी यंदा तिची बहीण आनंदी आणि आनंदीचे यजमान रविकांत आले, तेव्हा सदाभाऊ म्हणाले, "चला, असो किल्लो दाखवतंय की जल्मात इसरूचास नाय."

वाटेत गिर्ये गावी रामेश्वराच्या देवळात थांबायचा रिवाज होता. पाहुणे पाया पडत होते, तेवढ्यात लवू गुरवाने सदाभाऊंना खांबाआड घेतलं.

"भाऊ, वयनीचो नवसाचो नारळ ऱ्हवलो हा."

"कसलो नवस?"

लवू खाली बघत म्हणाला, "दर वर्सा माका गाऱ्हाणा घालूक सांगायची. देवा, माझ्या घोवाक एक दिस किल्ल्यात गप ठेव. माका किल्लो बघूचो आसा."

सदाभाऊ म्हणाले, "पण ती तर गेली."

"बोललेला ऱ्हवताच. आज किल्ल्यात गप ऱ्हवान तुमचा अर्धा तुमी पुरा करा. परत येताना नारळ ठेवया."

सदाभाऊंनी तिथेच तोंड मिटलं.

किल्ल्याच्या पहिल्या दरवाज्यातच त्यांच्या पोटातला इतिहास तापल्या दुधासारखा वर आला. ते बोलत नाहीत म्हणून रविकांत बोलू लागले. "हा किल्ला पोर्तुगीजांनी बांधला असणार." सदाभाऊंनी उपरण्याचं टोक दातांत धरलं. "आणि हे दारूकोठार." ते पाण्याचं टाकं होतं. दोन परके प्रवासीही आदराने रविकांतांच्या मागे चालू लागले.

"भावोजी, दात दुखता?" आनंदीने विचारलं आणि उत्तराची वाट न बघता त्यांच्या तोंडात लवंग घातली.

दुपारी डबा उघडला. सदाभाऊ गप्पच.

"घावने आवडाक नाय तुमका. ठावक आसा माका, ताईसारखे नाय जमले." आनंदीचे डोळे भरून आले.

आता बोलावं तर नवस मोडतो, न बोलावं तर मेव्हणी रडते. सदाभाऊंनी दोन्ही हातांनी घावने खायला सुरुवात केली आणि डब्याचा तळ दिसेपर्यंत थांबले नाहीत. रविकांत उपाशी राहिले. आनंदी घाबरली.

"अहो, बोलत नाय आणि खातच सुटले. भावोजींका बाधा झाली हा. गुरवाक बोलवया."

सदाभाऊ उठले आणि थेट बुरुजावर गेले. तिथे एक दगड होता. सरला दरवर्षी त्याच्यावर बसायची, गुडघे दुखतात म्हणून, असं त्यांना वाटत आलं होतं. ते टेकले.

खाली खाडीच्या तोंडाशी होड्या परतत होत्या. किनाऱ्यावर बायका टोपल्या घेऊन बसल्या होत्या. इथून होड्या सगळ्या सारख्याच दिसत. पण होडी अजून लांब असतानाच एकेक बाई आपली ओळखून उठत होती. सदाभाऊ शेवटची बाई उठेपर्यंत बसून राहिले.

परतताना लवूने देवासमोर नारळ ठेवला. "बा देवा म्हाराजा, तुझ्या लेकीन नवस बोललो हुतो. तिचो घोव किल्ल्यात एक दिस गप ऱ्हवलो. ह्यो नारळ मान्य करून घी म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सदाभाऊ म्हणाले. सकाळपासूनचे त्यांचे पहिले शब्द.

आनंदीला सगळं उमगलं. ती तोंडाला पदर लावून हसायला लागली, आणि हसता हसता तिने तोच पदर डोळ्यांना लावला.

"मग, काय दिसला?" लवूने विचारलं.

सदाभाऊंनी सांगायला सुरुवात केली. दगडापासून. दगड कसा ऊन धरतो, वारा कुठल्या बाजूने येतो, पहिली होडी कोणती, तिच्या मागची कोणती. उपाशी रविकांत दोनदा खोकले. विजयदुर्गाहून जामसंड्याला जाणारी शेवटची गाडी आली, देवळाच्या वाटेपाशी थांबली, कंडक्टरने घंटी मारली. सदाभाऊ अजून तिसऱ्या होडीपाशीच होते.

आनंदीने गाडी बघितली होती. थांब म्हणायला तिने हात केला नाही.