आप्पा वकिलांचं शिंगरू

आमचे शेजारी आप्पा वकील दाढी करून घ्यायच्या आधी न्हाव्याशी अटी ठरवत. गाल कापला तर जबाबदार कोण, मिशीची हद्द कुठं सुरू होते, हे मिटल्याशिवाय मान वर करत नसत. त्यामुळं निपाणीत त्यांची दाढी बहुधा वाढलेलीच दिसे.

"तोंडी नको, कागदावर आण," हा त्यांचा जप. बायको वारली, मुलगा पुण्याला गेला, आणि घरात वाद घालायला कुणी उरलं नाही म्हणून की काय, आप्पांनी जत्रेतून एक घोडी आणली. चंद्री. 'घोडी लाथ मारणार नाही' असं विकणाऱ्याकडून लिहून घेतलं होतं. चंद्रीनं तो कागद वाचला नसावा. पहिल्याच आठवड्यात आप्पा कोर्टात लंगडत गेले. तिच्यावर बसायचं धाडस त्यांना कधी झालं नाही. संध्याकाळी काळ्या कोटात तिच्या मागून चालायचे, मोठ्या अशिलाच्या मागं चालावं तसे.

सन ऐंशीनंतरची गोष्ट. आमच्या गुरांच्या डॉक्टरांनी बातमी आणली की कोल्हापूरकडं एका घोड्यांच्या फार्मवर परदेशी घोड्याचं गोठवलेलं रेत आलंय. गाई-म्हशींना अशा रेताची कांडी भरतात हे आम्हाला ठाऊक होतं. घोडीला भरतात हे कुणी ऐकलं नव्हतं. आप्पा हट्टाला पेटले. चंद्रीला शिंगरू हवं, तेही विलायती.

फार्मचा मॅनेजर छापील करार घेऊन आला. बिचारा सही घेऊन जेवायच्या वेळेला परत जाणार होता.

"घोडा कुठाय?" आप्पांनी विचारलं.

"तो मेला साहेब. पण कांडी चालती."

"मेला? मग त्याच्या वतीनं सही कोण करणार? वारस कोण?"

तिथून जे सुरू झालं ते महिनोन्‌महिने चाललं. करारात 'जिवंत शिंगरू जन्मेल, न जन्मल्यास दुसरी कांडी फुकट' असं होतं. आप्पांनी 'जिवंत' या शब्दावर बोट ठेवलं. "नुसता श्वास घेतला म्हंजे जिवंत? मग आमच्या नगरपालिकेतले कारकून पण जिवंतच म्हणायचे!" अखेर ठरलं : आपल्या पायावर उभं राहील आणि आईचं दूध पिईल, तेच जिवंत.

मग भांडण झालंच तर कुठल्या कोर्टात? मॅनेजर कोल्हापूर म्हणे, आप्पा निपाणी. निपाणी कुठल्या राज्यात लिहायची यावर तर चहाच्या किटल्या संपल्या. शेवटी 'तूर्त कर्नाटकात असलेली निपाणी' असं घातलं, आणि सीमाप्रश्नात एवढं तरी केलं म्हणून आप्पांनी आळीला पेढे वाटले.

या भानगडीत चंद्री माजावर येऊन गेली. डॉक्टर ओरडले, "वकीलसाहेब, घोडीचा माज म्हंजे कोर्टाची तारीख न्हाय, पुढं ढकलायला!"

पुढच्या खेपेला आप्पा स्वतःच कोल्हापूरला जाऊन कांडी गोठलेली ठेवायचं नायट्रोजनचं भांडं एसटीतून घेऊन आले. शाळेत रजा टाकून सोबतीला मी. झाकणातून धूर निघत होता.

"ह्यात काय हाय?" कंडक्टरनं विचारलं.

"घोडा," आप्पा म्हणाले.

"जनावर चालत न्हाय. उतरा."

"जिता न्हाय रं, मेलेला हाय."

कंडक्टरनं घंटीच मारली. कागलच्या अलीकडं आम्ही रस्त्यावर, आणि आप्पा गेलेल्या गाडीला कायदा शिकवतायत.

पण भांडं कसंबसं घरी पोचलं आणि चंद्री गाभण राहिली. आप्पा एकदम आजारी माणसाच्या घरात बोलावं तसं हळू बोलायला लागले. आळीत फटाके बंद करायला लावले. पोरं हसायची, मीही हसायचो.

शिंगरू झालं ते उजाडता उजाडता. मी आणि डॉक्टर होतो. लांब पायांचं, कपाळावर पांढरा ठिपका. डॉक्टरांनी चोळलं, मी पोटाखाली हात घालून उचललं. पाय धरेनात. आप्पा त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसले. उन्हं गोठ्यात आली तेव्हा सगळं संपलं होतं.

डॉक्टरांचा निरोप मिळाल्यावर मॅनेजर आला. भला माणूस. म्हणाला, "आप्पा, करार तुमच्या बाजूनं हाय. उभं ऱ्हायलं न्हाय, एवढं लिहून द्या. दुसरी कांडी फुकट."

आप्पांनी पेन काढलं, परत खिशाला लावलं. मग म्हणाले, "उभं ऱ्हायलं होतं की."

डॉक्टर चमकले. "आप्पा, अवो..."

"ऱ्हायलं होतं. दूध प्यालं पोटभर. सगळ्या अंगणात हिंडलं."

"मग कांडी न्हाय मिळायची," मॅनेजर चाचरत म्हणाला आणि माझ्याकडं वळला. "मास्तर, तुम्ही होता न्हवं?"

आप्पा माझ्याकडं बघत नव्हते.

"व्हय," मी म्हणालो. "लई हिंडलं."

मॅनेजर गेला. गोठ्यात चंद्री दाराकडं तोंड करून उभी होती. गल्लीत पोराचा आवाज आला की खिंकाळायची. तिची कास तटतटून फुगली होती. आप्पांनी धोतर खोचलं, कोमट पाण्यात फडकं पिळलं आणि तिच्या पोटाशी बसून कास शेकायला लागले.

"उगी गं बाई," ते म्हणत होते, "उगी."