पेटी हटाव समितीचे अध्यक्ष

“सप्टेंबर संपायच्या आत ती पेटी रस्त्यावरून हटली नाही, तर वॉल्टर हेस्लॉप हे नाव लावणार नाही!”

मे महिन्यातल्या एका रविवारी, भर दुपारी, ब्रॅकनलीच्या कामगार क्लबात वॉल्टरने टेबलावर मूठ आपटली. तीन ग्लास हिंदकळले, टाळ्या पडल्या आणि ‘पेटी हटाव समिती’च्या अध्यक्षपदी त्याची एकमताने निवड झाली. एकमत व्हायला वेळ लागला नाही, कारण ते पद दुसऱ्या कुणालाच नको होतं.

पेटी म्हणजे साधीसुधी पेटी नव्हे. अल्डर स्ट्रीटच्या तोंडावर नगरपालिकेने आणून बसवलेलं ते एक भलंमोठं लाकडी धूड होतं. आत माती, मातीत वाळून कोळ झालेली लव्हेंडरची झुडपं, आणि बाहेर पाटी: ‘कमी रहदारी, शुद्ध हवा’. बाजूने सायकल जायची, माणूस जायचा, कुत्रं जायचं, फक्त मोटार जायची नाही. क्लब पेटीपलीकडे जेमतेम पाव मैलावर. पण मोटारीने जायचं तर गावाला वळसा घालून तीन मैल, आणि वाटेत अकरा गतिरोधक!

“मग चालत जा की,” वॉल्टरची बायको ग्लेनिस म्हणायची.

“प्रश्न चालण्याचा नाही, तत्त्वाचा आहे!”

“तत्त्वाचं पोट जरा सुटलंय, म्हणून म्हटलं.”

वॉल्टरने समितीचं काम झपाट्याने सुरू केलं. दारोदार फिरून सहाशे अकरा सह्या गोळा केल्या. पहिली सही अर्थातच त्याची, तीही दोन ओळी खाणारी. अर्ज नगरपालिकेत पोहोचला. नगरपालिकेने तो ठेवून घेतला. तिथला लौकिक असा, की एकदा ठेवून घेतलेली गोष्ट दोन वर्षं कुणाच्या दृष्टीस पडत नाही.

आता वॉल्टरच्या आयुष्यातली खरी गोष्ट सांगायला हवी, आणि ती म्हणजे लीक. लीक ही कांद्याच्या घराण्यातली भाजी. बाकीचं जग तिचं सूप करतं, ब्रॅकनलीसारख्या टाइन नदीकाठच्या गावांतले लोक तिची स्पर्धा लावतात. कुणाचा लीक किती जाड, यावरून भावाभावांत अबोला येतो. खताची कृती बाप मरताना मुलाला कानात सांगतो, तीही मुलगा लायक असला तर. सप्टेंबरात क्लबाचं प्रदर्शन भरतं, आणि गेली नऊ वर्षं त्यात पहिला नंबर लेन डॉड्सचा आणि दुसरा वॉल्टरचा. नऊ वर्षं! लेन क्लबाचा चिटणीस होता. चांदीचा पेला त्याच्या खिडकीत ठेवलेला असायचा, आणि वॉल्टर त्या खिडकीवरून जाताना आभाळाकडे बघत जायचा. यंदा मात्र त्याने मागच्या अंगणातल्या वाफ्यात अशी रोपं लावली होती, की त्यांच्याकडे बघून त्याचा ऊर भरून यायचा. तीन तर खास. त्यांची नावं थोरला, मधला आणि धाकटा.

आणि मग अंगणात हीट पंप आला.

घर गृहसंस्थेकडून भाड्याने घेतलेलं, तेव्हा हुकूमही तिचाच. गॅसचा बॉयलर जाणार, त्याजागी हवेतून ऊब खेचणारं यंत्र येणार. पर्यावरणासाठी, सगळ्यांना सक्तीचं. कामगारांनी कपाटाएवढा डबा नेमका वाफ्याच्या उशाशी बसवला. डबा घुर्र करून सुरू झाला. घरात ऊब आली खरी, पण ती जिथून खेचली त्या अंगणात डिसेंबर सुरू झाला! पंखा गार वारा ओकत होता, थेट लीकांच्या तोंडावर. दोन दिवसांत थोरल्याने मान टाकली.

वॉल्टरने गृहसंस्थेला फोन लावला. “तुमच्या यंत्राने माझ्या लीकांना हुडहुडी भरलीय!”

“घर ऊबदार आहे ना, साहेब?” पलीकडून एक गोड आवाज म्हणाला.

“घर आहे! पण लीक घरात राहत नाहीत!”

“मग तक्रार नोंदवता येणार नाही. राहणाऱ्यांचीच नोंदवतो.”

बाकीचं अंगण सिमेंटचं. नगरपालिकेच्या भाजीमळ्यात वाफा मिळायचा, तर अकरा वर्षांची रांग. वॉल्टरने रात्रभर कूस बदलली, आणि पहाटे पाच वाजता, रस्त्यावर दूधवालाही नसताना, थोरल्या-मधल्या-धाकट्याला बादलीत घालून तो घराबाहेर पडला. अख्ख्या अल्डर स्ट्रीटवर ऊन, खोल माती आणि बिनवाऱ्याचा आडोसा एकाच ठिकाणी होता. त्याच पेटीत!

“आपत्कालीन परिस्थिती आहे,” तो स्वतःशी पुटपुटला. “तत्त्व तिथल्या तिथे आहे.”

शेवटचं रोप दाबून बसवतोय, तोच मागे घंटी वाजली. चौदा नंबरची इमोजेन! पुढे लाकडी खोका असलेली ती लांबलचक सायकल, खोक्यात दोन पेंगुळलेली पोरं, आणि तोंडभर हसू. पेटीची सगळ्यात मोठी कैवारी हीच. पेटी आल्या दिवशी हिने केक वाटला होता.

“मिस्टर हेस्लॉप!” तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. “तुम्ही? आमच्या पेटीत भाजी लावताय?”

“मी? छे! मी… तपासत होतो. पेटी कशी हलवता येईल ते.”

“हातात झारी घेऊन?”

“हे बघ पोरी,” वॉल्टर गुडघ्यांवरून उठत म्हणाला, “हे कुणाला बोललीस, तर मी या गावात राहू शकणार नाही.”

“लाजता काय! अहो, माणूस बदलतो. तुम्ही पेटीरक्षक व्हा ना! नगरपालिकेची योजनाच आहे. एक अर्ज भरायचा, सही केली की पेटीतली माती तुमच्या ताब्यात.”

“मी पेटी हटाव समितीचा अध्यक्ष आहे!”

“मग राहू दे. अर्ज माझ्याकडे असतो, हं,” इमोजेन म्हणाली आणि घंटी वाजवत निघून गेली.

तिने शब्द पाळला. कुणाला बोलली नाही. फक्त दुसऱ्या दिवशी पेटीवर फुलाफुलांची पाटी लावली: ‘ही भाजी सगळ्यांची. हवी तेवढी न्या!’

वॉल्टरला घेरीच यायची बाकी होती. तिसऱ्या पहाटे त्याने खाली बारीक अक्षरात ‘सप्टेंबरनंतर’ असं लिहून टाकलं.

तो उन्हाळा त्याने कसा काढला, त्याचं त्याला ठाऊक. पहाटे पाचला झारी, बिअर आणि मेंढीच्या लेंड्यांचं गुप्त पाणी. संध्याकाळी सहाला समितीची सभा, ‘पेटी मुर्दाबाद!’ भाजी इमोजेनची असं सगळे धरून चालले होते, आणि समितीचे लोक येताजाता तिच्यावर तोंडसुख घेत होते. “लीक बघा त्या बाईचे,” एकजण म्हणाला, “वीत वीत जाड! आणि आपला वॉल्ट्या, बिचारा, त्याचे त्या पंपाने मारले.” वॉल्टरला अभिमानाने हसूही येईना आणि दुःखाने रडूही येईना. लेन डॉड्स तर पाठीवर थोपटून गेला. “पुढच्या वर्षी बघू हं, वॉल्ट्या!”

आणि ऑगस्टच्या शेवटी अघटित घडलं. नगरपालिकेने उत्तर पाठवलं! ‘आपल्या अर्जानुसार शुक्रवार, १२ सप्टेंबर रोजी सकाळी दहा वाजता पेटी हटवण्यात येईल.’

क्लबात जल्लोष झाला. वॉल्टरला खांद्यावर घेतलं, लगेच खालीही ठेवलं, तत्त्व जड होतं. तो एकटा पांढराफटक पडला होता. प्रदर्शन शनिवारी तेराला, आणि शुक्रवारी बारा वाजता शिक्के मारायचे! स्पर्धेचा नियम सातवा: लीक स्पर्धकाच्या ताब्यातल्या मातीत उभा असतानाच चिटणीस येऊन त्याच्या पानावर शिक्का मारणार. एका वर्षी कुणीतरी परगावाहून विकत आणून मांडले होते, तेव्हापासूनचा हा नियम. शिक्का नाही, तर स्पर्धा नाही.

वॉल्टरने नगरपालिकेला फोन लावला. “ती पेटी सोमवारी हलवा.”

“साहेब, आक्षेप घ्यायचा तर मूळ अर्जदाराकडे दाद मागा.”

“मूळ अर्जदार मीच आहे!”

“मग त्यांच्याशी बोलून घ्या,” पलीकडचा माणूस म्हणाला आणि फोन ठेवला.

शुक्रवार उजाडला. दहाच्या ठोक्याला क्रेनची लॉरी आली. समितीचे साठएक लोक चहाचे थर्मास, पताका आणि एक ट्रम्पेट घेऊन हजर. वॉल्टर पेटीच्या काठावर चढून बसला.

“अध्यक्ष भाषण करणार!” कुणीतरी ओरडलं.

वॉल्टरने घड्याळ पाहिलं. दहा वाजून चार मिनिटं. बारापर्यंत काय करायचं, हे त्याला त्या क्षणी कळलं!

“मित्रहो!” तो गरजला. “या पेटीचा अन्याय समजून घ्यायचा, तर आपल्याला रोमन लोकांपासून सुरुवात करावी लागेल!”

आणि केली. रोमनांनी इथून जवळच भिंत बांधली, पण तीतसुद्धा दर मैलाला दरवाजा ठेवला. मग खाणी आल्या, मग घोडागाड्या. अकरा वाजता तो आपल्या आजोबांच्या पहिल्या सायकलपाशी पोहोचला. “आधी म्हणाले डिझेल घ्या, डिझेल चांगलं! घेतलं! आता म्हणतात डिझेल पाप! बॉयलर पाप! मोटार पाप! उद्या म्हणतील श्वास आळीपाळीने घ्या, सम तारखेला सम घरांनी!” टाळ्या कडाडल्या. साडेअकराला टाळ्या विरळ झाल्या. लॉरीच्या ड्रायव्हरने दुसऱ्यांदा भोंगा वाजवला.

“आजोबा, उतरा खाली. मला दुपारी दुसऱ्या गावात अशीच एक पेटी बसवायचीय.”

“लोकशाहीत बोलू देत नाहीत!” वॉल्टर किंचाळला, आणि पुन्हा रोमनांकडे वळला.

“वॉल्ट्या, आपण जिंकलोय रे!” समितीचा खजिनदार काकुळतीला आला. “आता पेटी उचलू दे की!”

बाराला दोन मिनिटं कमी असताना गर्दीतून वाट काढत लेन डॉड्स आला. मागे ग्लेनिस. त्याच्या हातात शिक्का.

“स्पर्धेत नाव दिलंयस, आणि अंगणात नुसता पंप घुरघुरतोय,” लेन म्हणाला. “ग्लेनिस म्हणाली, लीक इथे आहेत. कुठे?”

वॉल्टर बोलायचा थांबला. त्याने घसा खाकरला आणि आपल्या पाठीमागे बोट दाखवलं.

लेनने थोरला पाहिला. मधला पाहिला. धाकटा पाहिला. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला, मग एकदम परत चढला. “माती कुणाची?” त्याने विचारलं. “नियम सातवा! ही नगरपालिकेची पेटी. तुझ्या ताब्यातली माती नाही. बाद!”

“एक मिनिट!” सायकलची घंटी खणखणली. इमोजेन! तिने पिशवीतून कागद काढला. “इथे सही केली, की माती त्यांच्या ताब्यात.”

वॉल्टरने कागद वाचला. ‘मी, खाली सही करणारा, कमी रहदारीच्या रस्त्यांचा मनःपूर्वक पुरस्कार करतो…’ समोर साठ माणसं होती. त्यांनी त्याला मतं दिली होती, सह्या दिल्या होत्या, आणि मघापासून रोमनही सहन केले होते. एका बाजूला ती साठ माणसं, दुसऱ्या बाजूला नऊ वर्षं दुसरा नंबर.

त्याने ग्लेनिसकडे पाहिलं.

“कर,” ती म्हणाली. “तसंही तुझं भाषण कुणाला कळलेलं नाही.”

त्याने सही केली. सवयीने दोन ओळी खाणारी! लेनने दात ओठ खात तीन शिक्के मारले. ड्रायव्हरने कागद उलटून मागची बाजू वाचली. “पेटीरक्षकाच्या लेखी संमतीशिवाय पेटी हलवता येत नाही,” त्याने मोठ्याने वाचलं, खांदे उडवले, आणि लॉरी रिकामीच मागे वळवून घेऊन गेला. ट्रम्पेटवाल्याने चुकून एक सूर काढला. बाकीच्यांनी पताका गुंडाळून घरची वाट धरली, आणि तेच सगळ्यात वाईट होतं.

शनिवारी सकाळी नऊच्या आत लीक क्लबात मांडायचे होते. ओल्या फडक्यात निजवलेले तिघं पाच फुटी तबकात. एक पान मोडलं तरी गुण गेले. मोटारीने न्यावं तर तीन मैल आणि अकरा गतिरोधक. हातांत धरून न्यावं तर वॉल्टरचा गुडघा ऐनवेळी दगा देणारा. रस्ता सरळ होता, पाव मैलाचा होता, आणि त्याच्या तोंडाशी त्याचीच पेटी उभी होती!

दारात घंटी वाजली. इमोजेनने सायकलचा खोका रिकामा केला होता.

“बसा,” ती म्हणाली. “पोरांचं हेल्मेट घाला मात्र. नियम आहे.”

अशा रीतीने पेटी हटाव समितीचे माजी अध्यक्ष, डोक्यावर पिवळ्या बदकाचं हेल्मेट आणि मांडीवर तीन लीक घेऊन, पेटीच्या बाजूने डौलात क्लबाकडे निघाले. समिती पायऱ्यांवर उभीच होती. कुणी हसलं नाही, इतकं हसू त्यांना आलं होतं. आणि खरं सांगायचं, तर वॉल्टरलाही वारं तोंडावर घेताना एक क्षण भारी मजा वाटली. हे त्याने अजून कुणाकडे कबूल केलेलं नाही.

पहिला नंबर आला. होय, पहिला! चांदीचा पेला आता त्याच्या खिडकीत आहे, आणि लेन आभाळाकडे बघत जातो.

तीन आठवड्यांनी टपाल आलं. जाडजूड पाकीट. समितीने नवा अर्ज केला होता. नवा म्हणजे जुनाच, तोच सहाशे अकरा सह्यांचा गठ्ठा, फक्त वरचा पत्ता बदललेला: ‘पेटीरक्षक, अल्डर स्ट्रीट, यांना. पेटी हटवण्यास संमती द्यावी, ही विनंती.’ पहिलीच सही दोन ओळी खाणारी. वॉल्टर हेस्लॉप.

त्याने त्या सहीवरून बोट फिरवलं. मग खिडकीतून पेटीकडे पाहिलं. पुढच्या वर्षासाठी माती नुकतीच खणून ठेवली होती. त्याने कागद घेतला आणि लिहिलं: ‘आपला अर्ज मिळाला. विचार चालू आहे. दोन वर्षांत कळवू.’

खाली सही करताना मात्र पेन अडखळलं.

“नुसतं पेटीरक्षक लिही,” ग्लेनिस स्वयंपाकघरातून म्हणाली. “सप्टेंबर संपलाय, पेटी तिथेच आहे. नाव कुठलं लावतोस आता?”