बिराजदारकाकांचं सॉफ्टवेअर

समोरून माणूस आला की आपण ‘जेवण झालं का’ विचारतो. आमच्या थेरगावच्या बिल्डिंगमधले बिराजदारकाका विचारतात, “काही डिलीट झालंय का?”

झालेलं नसलं तर त्यांचा चेहरा पडतो.

काका मूळचे लातूरकडचे. चाकणच्या एका कंपनीतून रिटायर झाले आणि कुठल्याशा व्हिडिओवरून गेलेला डेटा परत आणणारी फुकटची सॉफ्टवेअर्स शिकले. तेव्हापासून शर्टाच्या खिशात चष्मा नसेल, पण वायर असतेच. “गेलं म्हणजे गेलेलं नसतंय, बघा. नुसतं लपून बसलेलं असतंय,” हे त्यांचं लाडकं वाक्य.

अडचण एवढीच, की हवं ते सापडत नाही आणि नको ते हमखास वर येतं. वरच्या मजल्यावरच्या तापकीरांना पुतण्याच्या बारशाचे फोटो हवे होते. काकांनी त्यांचा पेनड्राइव्ह टीव्हीला जोडला. बारसं राहिलं बाजूला, लोणावळ्याच्या धबधब्याखाली उघडेबंब तापकीर अवतरले. फोटोवर तारीख होती. वहिनींनी ती वाचली आणि शांतपणे विचारलं, “त्या दिवशी तुमचा ओव्हरटाइम हुता न्हाई का?” तापकीर अजून काकांना लांबून बघून जिना बदलतात.

माझ्या पेनड्राइव्हमधून त्यांनी माझ्या कॉलेजातल्या कविता काढल्या. वर लिफ्टमध्ये सगळ्यांसमोर म्हणाले, “भाऊ, ‘तुझ्या केसांच्या जंगलात’ तुम्ही लिहिलं होय? लै दाट आहे हो!”

असा हा माणूस. त्यामुळे तळमजल्यावरच्या नसीमभाभी आपली हार्ड डिस्क घेऊन काकांकडे निघाल्या, तेव्हा तमाशा बघायला मीही मागोमाग गेलो. भाभींची अम्मी गेल्या वर्षी वारली. तिचे सगळे व्हिडिओ त्या एकाच डिस्कवर होते आणि डिस्क दोनदा खाली पडली होती.

“लावा तुमचं सॉफ्टवेअर, काका,” भाभी म्हणाल्या.

काकांनी हौसेनं वायर जोडली. आतून आवाज आला. टक. टक. टक.

काकांनी वायर उपटूनच काढली.

“काय झालं?”

“हिला आता कुणी लावायचं नाही. मी पण नाही.”

सॉफ्टवेअरला नाही म्हणणारे बिराजदारकाका मी पहिल्यांदाच बघत होतो. त्यांनी डिस्क रुमालात गुंडाळली आणि मला म्हणाले, “स्कूटर काढा. पुण्यात लॅब आहे, तिथं उघडून दुरुस्त करतात.”

डांगे चौकाच्या सिग्नलला मी विचारलं, “एकदा चालवून तरी बघायचं, काका.”

मागे बसलेल्या काकांनी मांडीवरची रुमालातली डिस्क दोन्ही हातांनी धरली.

“ह्याच आवाजाची एक डिस्क माझ्याकडं होती,” मग ते म्हणाले. “आमची ही, सुनंदा, शूटिंग करायची आणि मागून बोलायची. अहो, पोट आत घ्या. अहो, इकडं बघा. ती गेल्यावर डिस्क अशीच टकटक करायला लागली. मी सॉफ्टवेअर लावून बसलो. हे नाही तर ते, ते नाही तर आणखी एक. आतला भाग मोडलेला, आणि मी डिस्क फिरवत राहिलो. सगळं खरवडून गेलं. लॅबवाला म्हणाला, पहिल्या आवाजालाच बंद करायची होती.”

सिग्नल सुटला. मागचे ट्रकवाले हॉर्न वाजवायला लागले.

पुढच्या महिन्यात लॅबमधून थोडेफार व्हिडिओ मिळाले. भाभींच्या घरी आम्ही बघायला जमलो. चित्र फाटत होतं. अम्मीचा अर्धा चेहरा हिरव्या चौकोनांत अडकला. भाभींच्यानं बघवेना, त्या बंद करायला उठल्या.

“राहू द्या,” काका म्हणाले. “चित्र सोडा. आवाज ऐका.”

टीव्हीतून म्हातारा, खरखरीत, भांडकुदळ आवाज आला, “अगे नसीम, वो मोबाइल रख बाजू! पहले खाना खा ले!”

भाभी हसायला लागल्या आणि हसता हसता रडायला. व्हिडिओ पुन्हा लागला. माझं लक्ष दाराकडे गेलं, तर काका चप्पल घालत होते.

“चहा तरी घ्या, काका.”

“येतो नंतर.”

मी त्यांच्या मागे बाहेर गेलो. ते घरी गेलेच नव्हते. जिन्यात कठड्याला धरून, डोळे मिटून उभे होते. आत अम्मी ओरडत होती, आणि ती थांबेपर्यंत काका तिथून हलले नाहीत.