केरोबाची ट्रॉली आणि एक्केचाळीस गाठी

एका जंगलात, म्हणजे फार लांब नाही, पण तुम्हाला एकट्याला जाऊ देणार नाही इतक्या लांब, केरोबा नावाचा एक अस्वल राहायचा. त्याच्याकडे मोटारसायकल होती. जंगलात पेट्रोल कुठून आलं, असं विचारू नका. गोष्टीत सगळं मिळतं. नीट मांडी घालून बसा.

दरवर्षी बारा कोसांवरच्या पठारावर मोटारसायकलींची शर्यत व्हायची. जो जिंकेल त्याला कड्यावरच्या पोळ्यांचा वर्षभराचा मध. केरोबा सलग तीन वर्षं दुसरा आला होता. पहिला यायचा चिमाजी ससा.

यंदा केरोबाच्या बायकोनं, पारूबाईनं, स्पष्टच सांगितलं. मध आला नाही तर ती पोरांना घेऊन माहेरी जाणार, आणि आणायला यायचे कष्ट केरोबानं घेऊ नयेत. केरोबाची झोप उडाली. पोरांवर त्याचा फार जीव होता. मधावरही होता.

आपण का हरतो, याचा त्यानं खूप विचार केला. चिमाजी आपल्यापेक्षा बरी गाडी चालवतो, हे काही त्याच्या डोक्यात आलं नाही. मोठ्या माणसांच्या डोक्यात अशा गोष्टी येत नाहीत. त्याला वाटलं, बारा कोस चालवून गाडी दमते. ती ट्रॉलीत घालून न्यावी, म्हणजे ताजीतवानी पोचेल. चिमाजीही बारा कोस गाडीवरच यायचा, पण ते जाऊ द्या.

ट्रॉली ओढायला घरचा बाळाप्पा होता. बाळाप्पा म्हणजे गवा. लहानपणापासून केरोबाकडेच कामाला. अंगानं डोंगर, बोलायला जड, आणि केरोबाची पोरं दिवसभर त्याच्या पाठीवर.

दोघं सखोबा कोल्ह्याच्या दुकानात गेले. सखोबानं तीन ट्रॉल्या दाखवल्या. पहिली अरुंद आणि हलकी. दुसरी बुटकी, मागं उतरती फळी, चाक अडकवायला खाच. मोटारसायकल ढकलत चढवा, ढकलत उतरवा. तिसरी वाटेएवढी रुंद. तिला चार चाकं, वर झालरीचं छत, दोन्हीकडं आरसे, आणि मालकाला टेकायला लोड. उतरती फळी मात्र नव्हती.

बाळाप्पा चाचरत म्हणाला की दुसरी बरी दिसते. पहिली खड्ड्यात उलटेल, तिसरी फार जड आहे.

"तुझं काम ओढायचं," केरोबा म्हणाला. "निवडायचं काम माझं."

तिसरीतून गाडी उतरवायची कशी, एवढं मात्र त्यानं विचारलं. सखोबा गोड हसला. तो म्हणाला, फळी लागते ती ज्याच्या हाताखाली कोणी नाही त्याला. तुमच्यासाठी तर दहा जण धावत येतील. झालं. इथं केरोबा विरघळला. तिसरी ट्रॉली घरी आली.

आता या जंगलातली एक रीत सांगतो. कोणी प्रवासाला निघालं की त्याच्या सामानाला घरटी एक गाठ मारायची. ज्यानं मारली त्यानंच ती परत आल्यावर सोडायची. प्रवाशानं स्वतः सोडली तर मोठा अपशकुन, आणि कापली तर त्या घराशी संबंध तुटलेच म्हणून समजा.

निघायच्या दिवशी अख्खा शेजार लोटला. दहा जणांनी मोटारसायकल उचलून ट्रॉलीत उभी केली. मग ती दोरांनी ट्रॉलीला बांधत एक्केचाळीस घरांनी एक्केचाळीस गाठी मारल्या. सुगरण पक्षिणीनं तर अशी मारली, की तिची तिलाच नंतर सापडेना. पारूबाईनं ओवाळलं. बाळाप्पानं खांद्यावर जू घेतलं आणि दात-ओठ खात ते धूड ओढायला लागला. केरोबा लोडाला टेकून आरशात स्वतःला बघत होता.

तिसऱ्या दिवशी ते पठारावर पोचले. चिमाजी धुळीनं माखून आधीच आला होता. पंच होते एक म्हातारे वानर. त्यांनी सगळ्यांना रेषेवर बोलावलं.

केरोबा रुबाबात गाडी उतरवायला उठला, आणि मग त्याच्या लक्षात आलं. गाडी उचलणारे दहा जण बारा कोस मागं होते. गाठी मारणारेही तिकडंच. गाठी सोडाव्यात तर अपशकुन. कापाव्यात तर एक्केचाळीस घरांशी वैर. त्याच्या डोळ्यांपुढं पोरांची बोचकी उभी राहिली, आणि तो एवढा थोरला अस्वल मटकन खाली बसून रडायला लागला.

बाळाप्पाची मान सोलवटली होती. तीन दिवसांत त्याला धड चाराही मिळाला नव्हता. पण पोरं आजोळी गेली तर आपल्यालाही करमायचं नाही, हे त्याला कळत होतं.

"मालक, गाडी उतरत नाही तर राहू द्या," तो म्हणाला. "तुम्ही तिच्यावर बसा. मी पळतो."

केरोबा बसला. शिट्टी वाजली. बाळाप्पानं मान खाली घातली आणि जीव खाऊन पळत सुटला. पठारावरची वाट अरुंद, दोन्हीकडं काटेरी जाळी, आणि ट्रॉली वाटेएवढी. रेषेपासूनच तिनं सगळी वाट अडवली. मागून चिमाजीनं हॉर्न वाजवून वाजवून बोट दुखवून घेतलं. पुढं जायला जागाच नव्हती. केरोबा पहिला आला.

चिमाजी चिडला. चिडणारच. याची गाडी सुरूसुद्धा झाली नाही, असं त्यानं पंचांना सांगितलं. पंचांनी नियमांची शिळा पुसून घेतली आणि वाचली. स्पर्धक स्वतःच्या मोटारसायकलीवर बसलेला असावा. होता. दोन्ही चाकं रेषेपलीकडं गेलेली असावीत. गेली होती.

"गाडी चालू असावी, असं यात कुठंच नाही," पंच म्हणाले. मध केरोबाला मिळाला.

गावी केवढा तो सत्कार! पारूबाईनं बांधलेली बोचकी सोडली, पोरं बाळाप्पाच्या पाठीवर चढली. केरोबानं भाषण केलं. योग्य ट्रॉलीची निवड हेच माझ्या यशाचं गमक, असं तो म्हणाला. त्यानं सखोबाचे आभार मानले, शेजाऱ्यांचे मानले, सुगरणीचे तर दोनदा मानले. बाळाप्पा मागं उभा राहून शेवटपर्यंत ऐकत होता. मग भाषण संपलं.

पांगापांग झाल्यावर तो हळूच पुढं आला. मानेच्या जखमेवर लावायला बोटभर मध मिळेल का, असं त्यानं विचारलं.

केरोबाला भरून आलं. त्यानं बाळाप्पाच्या पाठीवर प्रेमानं हात ठेवला.

"अरे, बक्षिसाचा मध असा वाटायचा नसतो," तो म्हणाला. "पण तू काळजी करू नकोस. तुझा विचार मी केलाय. पुढच्या वर्षी याहून मोठी ट्रॉली घेतोय."

तात्पर्य, म्हणजे तुम्ही मोठे झाल्यावर वापरायचं: मोटारसायकल न्यायला ट्रॉली घेताना चाकं, फळी, रुंदी बघत वेळ घालवू नये. ओढणाऱ्याचा आपल्या पोरांवर जीव आहे ना, तेवढं बघावं. मग कुठलीही ट्रॉली चालते.